वसतिगृहातली हळुवार प्रेमकथा : ‘शोनेन-आय’ मांगा कशी वाचावी

मुलांच्या निवासी शाळेत घडणाऱ्या, दोन मुलांमधल्या हळुवार प्रेमाच्या जपानी चित्रकथा, म्हणजे ‘शोनेन-आय’ मांगा, वाचायची इच्छा झाली की पहिला प्रश्न पडतो तो सुरुवात कुठून करावी हा. आज ‘बीएल’ (‘बॉइज लव्ह’, म्हणजे मुलांमधले प्रेम) या दोन अक्षरांखाली जपानमधून इतके साहित्य येते, आणि त्यात कोवळ्या भावकथेपासून निव्वळ प्रौढांसाठी असलेल्या मजकुरापर्यंत इतके प्रकार एकाच फळीवर मांडलेले असतात, की नवखा वाचक हाताला लागेल ते उचलतो आणि पुष्कळदा नको तिथे जाऊन पोचतो. माझे मत असे आहे की सुरुवात मुळापासून करावी, म्हणजे मोतो हागिओ यांच्या ‘तोमा नो शिन्झो’, अर्थात ‘थॉमसचे हृदय’, या १९७४ सालच्या मांगेपासून. ही एक कथा सावकाश आणि नीट वाचली, तर या प्रकारातली पुढची कोणतीही कथा कशी वाचावी याची दृष्टी वाचकाला येते, कारण पुढच्या लेखिकांनी वापरलेल्या बहुतेक गोष्टी, म्हणजे पत्र, खोलीतला जोडीदार, नवा आलेला मुलगा, सुट्टीत रिकामी पडलेली शाळा, इथे पूर्ण ताकदीने भेटतात. या लेखात ती कशी वाचावी हे सांगितले आहे. कथेचा शेवट आणि त्यातले मुख्य गुपित मी उघड करणार नाही, मात्र सुरुवातीच्या काही प्रसंगांचा उल्लेख केल्यावाचून इलाज नाही.

वाचण्यापूर्वी

या कथांचा जन्म कसा झाला हे माहीत असले की त्यांच्याकडून कशाची अपेक्षा ठेवावी हे कळते. १९७० च्या सुमारास जपानमधल्या मुलींसाठीच्या मासिकांत, ज्यांना ‘शोजो’ मासिके म्हणतात, तरुण लेखिकांची एक पिढी पुढे आली. यातल्या बऱ्याच जणींचा जन्म शोवा काळगणनेच्या २४ व्या वर्षी किंवा त्याच्या आसपास, म्हणजे १९४९ च्या सुमारास झाला असल्यामुळे त्यांना ‘चोविसाव्या वर्षाची मंडळी’ असे नाव पडले. मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया या त्यांतल्या दोघी १९७० ते १९७३ या काळात टोकियोच्या नेरिमा भागात ओइझुमी इथे एका साध्या भाड्याच्या घरात एकत्र राहत होत्या. शेजारी राहणारी त्यांची मैत्रीण नोरिए मासुयामा हिने त्यांना हेर्मान हेसे या जर्मन लेखकाच्या कादंबऱ्यांची आणि युरोपीय चित्रपटांची गोडी लावली. निवासी शाळेतल्या दोन मुलांच्या जवळिकीवरचा १९६४ सालचा एक फ्रेंच चित्रपट पाहून हागिओ यांच्या मनात जे बीज पडले, त्यातून पुढे ‘थॉमसचे हृदय’ उभे राहिले. १९७२ मध्ये हागिओ, ताकेमिया, मासुयामा आणि र्‍योको यामागिशी या चौघी सोव्हिएत संघामार्गे युरोपच्या दीर्घ प्रवासाला गेल्या. ज्या युरोपची त्या चित्रे काढत होत्या तो त्यांनी तेव्हा प्रत्यक्ष पाहिला.

मुलींच्या मासिकात मुलांची प्रेमकथा का, असा प्रश्न इथे साहजिक पडतो. त्याचे एक उत्तर हागिओ यांच्याच अनुभवात आहे. १९७१ साली त्यांनी याच धाग्यावर ‘नोव्हेंबरचे जिम्नॅशियम’ (जिम्नॅशियम म्हणजे जर्मनीतली एक प्रकारची माध्यमिक शाळा) ही छोटी कथा लिहिली, तेव्हा आधी मुलींच्या शाळेतला आराखडाही करून पाहिला होता आणि तो त्यांना मनासारखा जमला नाही. त्या काळच्या मुलींच्या मांगेत नायिकेने कसे वागावे, कुठे लाजावे आणि कुठे गप्प बसावे याचे ठरीव साचे होते. मुलांचे पात्र हाती घेतले की ते साचे गळून पडत आणि लेखिकेला रागावणे, निर्णय घेणे, चुकणे, क्षमा मागणे हे सगळे मोकळेपणाने लिहिता येई. म्हणून या कथांमधल्या मुलांकडे, त्या जर्मनीत घडत असल्या तरी, तिथल्या प्रत्यक्ष विद्यार्थ्यांचे हुबेहूब चित्रण म्हणून पाहू नये. जपानमधल्या मुलींना आणि तरुण स्त्रियांना जे म्हणायचे होते पण स्वतःच्या नावाने म्हणता येत नव्हते, ते या मुलांच्या तोंडून बोलले गेले आहे, हे मनात धरून वाचावे.

‘थॉमसचे हृदय’ शोगाकुकान या प्रकाशनाच्या ‘शुकान शोजो कॉमिक’ या साप्ताहिकात १९७४ च्या मे ते डिसेंबरदरम्यान ३३ भागांत छापले गेले. पहिल्या भागाला वाचकांच्या कौलात सर्वांत खालचे स्थान मिळाले होते आणि संपादक मालिका लवकर आटोपती घ्यायला सांगत होते. त्याच सुमारास हागिओ यांच्या आधीच्या एका मालिकेचा पहिला खंड पुस्तकरूपात आला, त्याच्या ३०,००० प्रती तीन दिवसांत संपल्या, आणि संपादकांचा सूर बदलला. वाचताना सुरुवातीची पन्नासेक पाने जड वाटली तर ही गोष्ट आठवावी. त्या काळच्या जपानी मुलींनाही ती लगेच उमगली नव्हती, आणि लेखिकेने तरीही आपली चाल बदलली नाही.

प्रत कोणती घ्यावी, याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मराठी अनुवाद हाती नसल्यामुळे आपल्याकडचा वाचक बहुधा इंग्रजीतून वाचतो. फॅन्टाग्राफिक्स या अमेरिकन प्रकाशनाने सगळे ३३ भाग एकाच जाड खंडात काढले आहेत आणि अनुवाद रेचल थॉर्न यांचा आहे. तोच घ्यावा. इंटरनेटवर फिरणाऱ्या अनधिकृत प्रतींमध्ये पानांच्या कडेला असलेले बारीक अक्षरांतले स्वगत पुष्कळदा अर्धवट किंवा चुकीचे उतरलेले असते, आणि या कथेचा अर्धा प्राण त्या स्वगतात आहे. शिवाय लेखिकेला तिच्या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे, हे निराळे सांगायला नकोच.

पान कसे वाचावे

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात हे आता बहुतेकांना माहीत असते. पुस्तक आपल्या नेहमीच्या शेवटच्या पानाकडून उघडायचे, पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात संपवायची. चौकटीच्या आतले संवादाचे फुगेही याच क्रमाने वाचायचे. पहिल्या दिवशी डोळे अडखळतात, दोन-तीन भागांनंतर सवय होते, आणि त्याबद्दल काळजी करण्याचे कारण नाही. खरी अडचण पुढे येते.

या लेखिकांनी चौकट मोडली. साहसकथांच्या मांगेत एक चौकट म्हणजे एक क्षण असा हिशेब सोपा असतो. इथे एका मुलाचा चेहरा पानभर पसरतो, त्याच्या केसांतून दुसऱ्या चौकटीची रेषा जाते, मागे फुले किंवा बर्फाचे कण तरंगतात, आणि त्या सगळ्यावर कोणत्याही फुग्यात न बसवलेली वाक्ये विखुरलेली असतात. ती वाक्ये कोणाची आहेत, हे ठरवणे हे वाचकाचे पहिले काम. कधी ती समोर दिसणाऱ्या मुलाच्या मनातली असतात, कधी त्याला आठवणाऱ्या दुसऱ्या कोणाची, तर कधी मेलेल्या मुलाच्या पत्रातली. एखाद्या पानावर हे लगेच कळले नाही, तर पुढे पळू नये. त्या पानावरचे सगळे चेहरे एकदा पाहून घ्यावेत, कोणाचे डोळे खाली आहेत आणि कोण दुसऱ्याकडे पाहतो आहे हे बघावे, म्हणजे वाक्य कोणाचे ते बहुधा उमगते.

फुले आणि पिसे ही नुसती सजावट मानू नये. साधारणपणे ती तेव्हा येतात जेव्हा पात्राचे आजूबाजूच्या जगाचे भान सुटते. संवाद भोजनगृहात चाललेला असतो, पण पार्श्वभूमीवर भोजनगृह नसते, याचा अर्थ त्या मुलाला त्या क्षणी समोरच्या माणसाखेरीज काही दिसत नाही. उलट, एखाद्या भावुक प्रसंगात अचानक खिडकी, पलंग, वह्या, कोपऱ्यातला दिवा असे सगळे नेमके रेखाटलेले दिसले, तर कोणीतरी भानावर आले आहे असे समजावे. ‘थॉमसचे हृदय’मध्ये पंखांची प्रतिमा पुन्हा पुन्हा येते. ती पहिल्यांदा कुठे आली आणि कोणाच्या संदर्भात आली, ते पान लक्षात ठेवावे, हवे तर कागदाची चिठ्ठी घालून ठेवावे, कारण शेवटाकडे आपल्याला तिथे परत यावे लागते.

वेगाबद्दल एक सूचना. मूळ वाचकांना ही कथा आठवड्याला थोडी थोडी मिळत होती आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एखादी गोष्ट अर्धवट सोडलेली असे. एका बैठकीत सगळी वाचली तर मुलांचे रुसवे-फुगवे एकसारखे वाटू लागतात आणि कंटाळा येतो. एका वेळी तीन-चार भाग वाचावेत.

सुरुवातीचा प्रसंग

कथेची सुरुवात हिवाळ्याच्या अखेरीस होते. बर्फाने झाकलेल्या परिसरात रेल्वेमार्गावरच्या पुलाकडे थॉमस वेर्नर नावाचा शाळकरी मुलगा चालत येतो, आणि काही पानांतच त्याचा मृत्यू होतो. शाळेत सगळे त्याला अपघात समजतात. त्याच्या मागोमाग यूली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती थॉमसने पाठवलेले पत्र पडते, आणि त्यावरून वाचकाला कळते की हा अपघात नव्हता. म्हणजे पहिल्याच भागात वाचकाला असे काही कळते जे शाळेतल्या बहुतेकांना ठाऊक नाही, आणि पुढच्या प्रत्येक पानावर, जिथे मुले भोजनगृहात थॉमसबद्दल हळहळतात किंवा कुजबुजतात, तिथे आपण यूलीच्या बाजूला बसून ते ऐकत असतो. ही जागा आपल्याला दिलेली आहे, हे ओळखून वाचावे.

यूलीचे वागणे पहिल्या वाचनात कठोर वाटते. तो आदर्श विद्यार्थी आहे, वर्गाची आणि वसतिगृहाची जबाबदारी त्याच्यावर आहे, सगळ्यांशी तो सौजन्याने वागतो आणि कोणालाही जवळ येऊ देत नाही. ज्याने त्याच्यावर जीव टाकला त्या मुलाच्या कबरीपाशी जाऊन तो ते पत्र फाडून टाकतो. आणि तिथेच त्याला एरिक दिसतो, शाळेत नव्याने दाखल होणारा मुलगा, ज्याचा चेहरा थेट थॉमसचा आहे. या प्रसंगाची पाने थांबून पाहावीत. यूलीच्या तोंडी इथे जे आहे त्यापेक्षा त्याच्या हातांत आणि डोळ्यांत अधिक आहे, आणि त्याला वाटलेली भीती ही भुताची भीती आहे की आपले काहीतरी उघडे पडेल याची, हे तिथे ठरवण्याची घाई करू नये.

एरिकला मात्र थॉमसशी काही देणेघेणे नाही. तो पटकन चिडतो, कोणाची भीड धरत नाही, आईवर त्याचा विलक्षण जीव आहे, आणि सगळी शाळा आपल्या चेहऱ्यात दुसऱ्याच कोणाला शोधते आहे याचा त्याला मनस्वी संताप येतो. नव्या वाचकाला थॉमस आणि एरिक यांच्यात गोंधळ होतो. तो टाळायचा असेल तर तोंडाकडे पाहण्याऐवजी अंगाच्या ठेवणीकडे पाहावे: एरिक जवळजवळ प्रत्येक चौकटीत काहीतरी करत असतो, आणि थॉमस, जिथे जिथे आठवणीत येतो तिथे, शांत असतो.

शाळा हे पात्र आहे असे समजून वाचावे

श्लोटरबेट्झ ही काल्पनिक शाळा जर्मनीत आहे. जर्मनीतले जिम्नॅशियम म्हणजे व्यायामशाळा नव्हे. विद्यापीठाकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची ती माध्यमिक शाळा, जिथे साधारण दहाव्या वर्षी प्रवेश होतो आणि शेवटी आबितुर नावाची परीक्षा असते. बहुतेक जिम्नॅशियम निवासी नसतात, ही शाळा निवासी आहे. दहा वर्षांच्या पोरापासून अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणापर्यंत सगळे एका आवारात राहतात, आणि वयांतले हे अंतर कथेत फार महत्त्वाचे आहे. वरच्या वर्गातल्या मुलांच्या चहापानाला खालच्या वर्गातल्या कोणाला बोलावणे येते आणि कोणाला येत नाही, तिथे जायला कोण उत्सुक असतो आणि कोण कचरतो, हे बारकाईने पाहावे. मोठ्या मुलांच्या हाती लहान मुलांवरची सत्ता असते, ती सत्ता कधी मायेने वापरली जाते आणि कधी क्रूरपणे, आणि लेखिकेने या दोन्ही शक्यता एकाच इमारतीत ठेवल्या आहेत.

पाचगणीसारख्या ठिकाणी निवासी शाळेत शिकलेल्या वाचकाला घंटेवर चालणारा दिवस, दिवे मालवण्याची वेळ, घरच्या पत्राची वाट आणि सुट्टीत घरी न गेलेल्या मुलांचा रिकाम्या आवारातला वावर हे सगळे सहज ओळखीचे वाटेल. ज्यांना तो अनुभव नाही त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की अशा शाळेत एकांत मिळणे दुर्मीळ असते. दार बंद करून रडायला जागा नसते. त्यामुळे दोन मुले ग्रंथालयात किंवा जिन्यात एकटी सापडतात तेव्हा त्या प्रसंगाला बाहेरच्या जगातल्या भेटीपेक्षा कितीतरी जास्त वजन येते. खोली कोणाबरोबर मिळाली आहे, ती कधी आणि का बदलली, याची नोंद मनात ठेवल्यास अर्धी कथा हाती लागते.

आईवडील दूर असतात, आणि हे दूर असणेही नीट वाचावे. यूलीची आजी त्याच्या वडिलांच्या दक्षिणेकडच्या वंशाला आणि त्याच्या काळ्या केसांना कमी लेखते, म्हणून तो निष्कलंक मुलगा होऊन दाखवण्याचा पण करून बसला आहे. यूलीच्या खोलीत राहणाऱ्या ऑस्करला त्याच्या वडिलांनी शाळेत आणून सोडले आणि ते निघून गेले. एरिकला आईचे नवे आयुष्य पचत नाही. या तिघांच्या घरच्या गोष्टी बाजूला ठेवून नुसते ‘कोणाचे कोणावर प्रेम’ एवढेच शोधले, तर कथा हातातून निसटते.

ख्रिस्ती श्रद्धेचे संदर्भ पानोपानी आहेत. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला ईस्टरचा काळ आणि त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. इतरांनी निदान येशूच्या शेवटच्या भोजनाची आणि यहुदाच्या विश्वासघाताची कथा आधी वाचून घ्यावी. आपल्याला विकले जाणार हे ठाऊक असूनही विकणाऱ्यावर प्रेम करता येते का, हा प्रश्न यूलीला छळतो, आणि तो समजला नाही तर त्याचे दुःख उगाच वाढवलेले वाटते.

प्रेम कुठे शोधावे

या प्रकारच्या कथांकडे येणारा वाचक बहुधा कबुलीच्या प्रसंगाची वाट पाहत असतो. इथे कबुली पहिल्याच भागात झाली आहे, आणि जिने ती ऐकायची ती व्यक्ती ऐकायला तयार नाही. पुढची जवळजवळ पाचशे पाने एका मुलाने दुसऱ्याचे प्रेम स्वीकारायला लागणाऱ्या वेळाची आहेत. म्हणून प्रेम चुंबनात किंवा मिठीत शोधू नये, त्या गोष्टी इथे फार थोड्या आहेत. ते वाट पाहण्यात शोधावे.

यासाठी ऑस्करवर लक्ष ठेवावे, असे मी प्रत्येक नव्या वाचकाला आग्रहाने सांगेन. तो यूलीचा खोलीतला जोडीदार आहे, वर्गातल्या मुलांपेक्षा वर्षभराने मोठा आहे, बेफिकीर असल्यासारखा वावरतो आणि सगळ्यांना हसवतो. यूलीच्या बाबतीत काय घडले याचा त्याला अंदाज आहे. त्याचे यूलीवर प्रेम आहे. आणि तरीही तो विचारत नाही, कारण विचारल्याने यूली आणखी मिटून जाईल हे त्याला कळते. त्याच्या प्रत्येक प्रवेशाला, तो काय बोलला यापेक्षा त्याने काय बोलायचे टाळले, हे पाहावे. एखाद्या चौकटीत तो दाराशी नुसता टेकून उभा असतो आणि विषय बदलतो. पहिल्या वाचनात ही चौकट आपण ओलांडून जातो, आणि दुसऱ्या वाचनात तिथेच थांबतो, कारण तेव्हा आपल्याला ठाऊक असते की त्या क्षणी त्याला काय विचारायचे होते. मला या कथेत सर्वांत जास्त प्रेम या मुलाच्या गप्प राहण्यात दिसते, आणि एरिकच्या न गप्प बसण्यात त्याच्या खालोखाल. एक थांबतो, दुसरा दार ठोठावत राहतो. यूलीला दोघांची गरज आहे.

थॉमसच्या प्रेमाबद्दल मात्र वाचकाने स्वतंत्र बुद्धीने विचार करावा. कथेत त्याच्या मृत्यूला अर्पणाचा अर्थ दिला आहे आणि तो अर्थ कथेच्या श्रद्धाविश्वात बसतो. पण त्यावरून कोणाच्या प्रेमासाठी जीव देणे हे उदात्त आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे कथेच्या उरलेल्या सगळ्या पानांकडे पाठ फिरवणे होय. ती पाने जिवंत राहिलेल्या मुलांची आहेत, आणि यूलीला जे बदलते ते रोज त्याच्या शेजारी बसणाऱ्या, त्याच्याशी भांडणाऱ्या, त्याच्यासाठी थांबणाऱ्या जिवंत मुलांमुळे बदलते. एखाद्या किशोरवयीन वाचकाच्या हाती हे पुस्तक देणार असाल तर या मुद्द्यावर त्याच्याशी आधी आणि नंतर मोकळेपणाने बोलावे. ज्यांच्या घरात किंवा मित्रमंडळींत असा मृत्यू नुकताच झाला आहे, त्यांनी हे वाचन काही काळ लांबणीवर टाकावे. याखेरीज, कथेच्या उत्तरार्धात मोठ्या मुलांनी केलेल्या छळाची आठवण उघड होते. लेखिकेने ती संयमाने मांडली आहे, तरी ती अंगावर येते.

पुढे काय वाचावे, काय वाचू नये

पहिल्या वाचनानंतर लगेच इंटरनेटवर याद्या शोधू लागले, की बहुतेक ठिकाणी केइको ताकेमिया यांच्या ‘काझे तो की नो उता’ या मांगेचे नाव पहिले दिसते. १९७६ ते १९८४ या काळात छापली गेलेली ही मालिकाही निवासी शाळेतच घडते, एकोणिसाव्या शतकातल्या दक्षिण फ्रान्समध्ये, आणि या प्रकाराच्या इतिहासात तिचे स्थान फार मोठे आहे. ताकेमिया पुढे क्योटो सेइका विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या, यावरून त्यांच्या कामाला जपानमध्ये किती मान आहे हे कळते. परंतु हळुवार कथेच्या शोधात असलेल्या वाचकाने ती उचलू नये. तिच्यात लहान मुलावरचे लैंगिक अत्याचार आणि त्यांचे दूरगामी परिणाम आहेत. लेखिकेचा हेतू गंभीर आहे, पण ती वाचायला प्रौढ आणि मनाची पूर्ण तयारी असलेला वाचक हवा. मुलामुलींच्या हाती ती देऊ नये. शाळा निवासी आहे आणि चित्रे नाजूक आहेत एवढ्यावरून आतला मजकूर सौम्य असेल असे गृहीत धरण्याची चूक सर्रास होते, म्हणून कोणतीही नवी मालिका घेण्यापूर्वी वेष्टनावरची वयोमर्यादा पाहावी आणि निदान दोन परीक्षणे वाचावीत.

ज्यांना हळुवारपणाच हवा आहे त्यांनी एक पाऊल बाजूला टाकून आसुमिको नाकामुरा यांची ‘दोक्यूसेइ’ वाचावी. तिथली शाळा फक्त मुलांची असली तरी निवासी नाही, मुले संध्याकाळी घरी जातात, काळ आजचा आहे. गाण्याच्या सरावात ओठ न हलवणारा हुशार मुलगा आणि त्याच्या ते लक्षात आलेला गिटार वाजवणारा वर्गमित्र, एवढ्या भांडवलावर ती उभी आहे. ‘थॉमसचे हृदय’नंतर ती वाचली की विखुरलेले स्वगत आणि मोकळ्या चौकटी पुढच्या पिढीने किती कमी रेषांत वापरल्या, हे डोळ्यांना दिसते.

आणि ज्यांना श्लोटरबेट्झच्या आवारातच रेंगाळायचे आहे, त्यांच्यासाठी हागिओ यांनीच सोय करून ठेवली आहे. १९७१ ची ‘नोव्हेंबरचे जिम्नॅशियम’ ही छोटी कथा नंतर वाचावी, आधी नाही. त्यात एरिक, थॉमस, ऑस्कर ही नावे भेटतात, पण घटना वेगळ्या आहेत, आणि आधी वाचल्यास मोठ्या कथेतल्या नात्यांबद्दल चुकीचे ग्रह होतात. त्यानंतर एरिकच्या उन्हाळ्याच्या सुट्टीची ‘तळ्याकाठी’ ही लहानशी कथा. सर्वांत शेवटी १९८० ची ‘होमोन्शा’ म्हणजे ‘पाहुणा’, जिच्यात ऑस्कर शाळेत येण्यापूर्वी वडिलांबरोबर केलेल्या भटकंतीची हकीकत आहे. ती संपली की मोठी कथा पुन्हा उघडावी आणि या वेळी फक्त ऑस्कर ज्या पानांवर आहे तेवढीच पाने क्रमाने वाचत जावी. तो यूलीला प्रश्न का विचारत नाही, घर हा शब्द निघाला की विनोद का करतो, आणि मुख्याध्यापक खोलीत आले की त्याची नजर कुठे जाते, या तिन्ही गोष्टींचा उलगडा त्या वाचनात होतो.